विहिरीत पोहणाऱ्याने समुद्रात बुडी मारण्यापूर्वी

एप्रिल महिना सरत आला होता. हळद विकून मोकळे झालेले, वसमत तालुक्यातले एक बावन्न वर्षांचे शेतकरी पुण्यात नोकरी करणाऱ्या मुलीला घेऊन दवाखान्यात आले. मुलीने मे महिन्यात आई-वडिलांसाठी अंदमानची सहल ठरवली होती आणि त्यात स्कुबा डायव्हिंगही होते. तिने मोबाइलवर एक अर्ज दाखवला. "डॉक्टर, फक्त सही पाहिजे. बाबांना पोहायला येतंच."

बाबा हसले. "साहेब, आमच्या विहिरीला सहा परस पाणी असायचं. तळाची माती वर आणून दाखवायची पैज लागायची. तिथं काय, पाठीवर हवा बांधून देतात म्हणे!"

अर्जातल्या एका प्रश्नावर मात्र दोघेही अडखळले होते. छातीचा किंवा फुफ्फुसाचा आजार पूर्वी झाला होता का? वीस-बावीस वर्षांपूर्वी त्यांना क्षयरोग झाला होता. सरकारी दवाखान्यातून पूर्ण औषध घेतले आणि ते बरे झाले. त्यानंतर कधी खोकलाही नाही. मुलीचे म्हणणे होते, "एवढं जुनं कशाला लिहायचं? 'नाही' लिहू का?"

त्यांच्या परवानगीने, ओळख न सांगता, हा प्रसंग इथे मांडतो आहे. हिंगोलीहून समुद्र सरळ रेषेत साडेचारशे किलोमीटरच्या आसपास दूर आहे. तरी गेल्या काही वर्षांत मालवण, अंदमान आणि लक्षद्वीपला जाणारी कुटुंबे आपल्याकडेही वाढली आहेत. जानेवारी २०२४ मध्ये पंतप्रधानांनी लक्षद्वीपच्या समुद्रात पोहतानाची छायाचित्रे प्रसिद्ध केली आणि त्या बेटांची चौकशी घरोघरी सुरू झाली. ही सहल सुंदर असते यात शंका नाही. पण बुडी मारताना शरीरात काय घडते, हे सहलीच्या माहितीपत्रकात सहसा नसते. 'नाही' हा एक शब्द खोटा लिहिल्याने काय होऊ शकते, हे कळायला आधी ते समजून घ्यावे लागते.

सहा परस पाण्याचे ओझे

आपल्या डोक्यावर सतत हवेचे ओझे असते. त्याला आपण एक वातावरण दाब म्हणू. पाणी हवेपेक्षा कितीतरी जड असते. त्यामुळे समुद्रात केवळ दहा मीटर, म्हणजे साधारण सहा परस खाली गेले की आणखी एक वातावरणाचा दाब अंगावर येतो. वर जेवढा दाब होता त्याच्या दुप्पट. वीस मीटरवर तिप्पट, तीस मीटरवर चौपट. आपल्याच जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ दुधाळा येथे 'लायगो'ची प्रयोगशाळा उभी राहणार आहे. तिच्या चार-चार किलोमीटर लांबीच्या नळ्यांतली जवळजवळ सगळी हवा काढून टाकावी लागते. समुद्रात उतरणारा माणूस याच्या नेमका उलट जातो. तो दाटीत शिरतो.

शरीराचा बराचसा भाग पाण्याने भरलेला असल्याने हा दाब स्नायूंना किंवा हाडांना जाणवत नाही. जाणवतो तो जिथे हवा आहे तिथे. कानाचा पडद्याआडचा भाग, नाकाभोवतीच्या हाडांतल्या पोकळ्या आणि फुफ्फुसे या त्या जागा. दाब दुप्पट झाला की हवेचे आकारमान निम्मे होते. रॉबर्ट बॉइल यांनी सतराव्या शतकात सांगितलेला आणि आपण शाळेत पाठ केलेला हाच तो नियम. वर भरलेला सहा लिटरचा फुगा दहा मीटरवर तीन लिटरचा होतो.

विहिरीच्या तळाशी जाणाऱ्या प्रत्येकाने हा नियम कानाने अनुभवलेला आहे. दोन परस खाली गेले की कान ठणकू लागतात. पडद्याआडची हवा आकसते आणि पडदा आत ओढला जातो. घसा आणि कान यांना जोडणारी एक बारीक नळी असते. नाक चिमटीत धरून, तोंड मिटून हलकेच हवा सोडली की ती नळी उघडते आणि दाब समान होतो. डायव्हिंगचे प्रशिक्षक सर्वांत आधी हेच शिकवतात. हे कान दुखायला लागण्याआधी, दर मीटरभराला करायचे असते. जोर लावायचा नसतो. कान मोकळा होत नसेल तर थोडे वर यायचे आणि पुन्हा प्रयत्न करायचा. तरीही झाले नाही तर त्या दिवशी बुडी नाही. ओढून-ताणून खाली गेल्यास पडदा फाटू शकतो. फाटक्या पडद्यातून गार पाणी आत शिरले की गरगरते आणि पाण्याखाली वर कुठे, खाली कुठे हेच कळेनासे होते.

सर्दी असताना बुडी मारू नये असे म्हणतात ते याचसाठी. काही जण नाक मोकळे करणारी गोळी घेऊन उतरतात. खाली असतानाच तिचा असर संपला तर वर येताना प्रसरण पावणारी हवा आतच अडकते. खाली जाणे टाळता येते, वर येणे टाळता येत नाही.

सिलिंडरमध्ये ऑक्सिजन नसतो

विहिरीतली बुडी आणि स्कुबाची बुडी यांत एक मोठा फरक आहे आणि आमच्या शेतकरी काकांना तोच ठाऊक नव्हता.

विहिरीत आपण वर एक श्वास भरून घेतो. तो खाली आकसतो आणि वर येताना पुन्हा मूळच्या मापाचा होतो. त्यापेक्षा मोठा होत नाही. स्कुबाचे तसे नाही. फ्रान्समध्ये १९४३ साली जाक-इव्ह कुस्तो आणि एमील गान्यां यांनी जे उपकरण सिद्ध केले, त्याची करामतच ही की जेवढा दाब बाहेर असेल तेवढ्याच दाबाची हवा ते तोंडात सोडते. त्यामुळे खाली छाती दबत नाही आणि सहज श्वास घेता येतो. पण याचा अर्थ असा की दहा मीटरवर घेतलेल्या एका श्वासात वरच्या दोन श्वासांएवढी हवा असते.

आता घाबरून, श्वास रोखून तो माणूस झपकन वर आला तर? सहा लिटर हवेला बारा लिटर जागा लागणार. फुफ्फुस फुग्यासारखे ताणत नाही, ते फाटते. हवा छातीत साठते किंवा रक्तात शिरून थेट मेंदूत जाते. मग पाण्यावर येताच शुद्ध हरपणे, अर्धांगवायू, प्रसंगी मृत्यू. यासाठी फार खोल जावे लागत नाही. छाती पूर्ण भरलेली असेल तर सव्वा-दीड मीटरवरूनही हे घडू शकते. दाबातला सर्वांत मोठा बदल वरच्या दहा मीटरमध्येच होत असल्याने 'आम्ही फक्त उथळ पाण्यात जाणार' हे समाधान खरे नाही. म्हणूनच डायव्हिंगचा पहिला नियम आहे: श्वास कधीही रोखायचा नाही. विहिरीत पोहणाऱ्याला नेमकी उलटी सवय असते. पाण्याखाली गेला की तो दम धरतो. चांगला पोहणारा म्हणून तो निर्धास्त असतो आणि त्याची तीच सवय त्याला नडू शकते.

आणखी एक गैरसमज. पाठीवरच्या नळकांड्याला सगळे ऑक्सिजन सिलिंडर म्हणतात. त्यात असते ती आपली नेहमीची हवाच, गाळून आणि दाबून भरलेली. तिच्यात ७८ टक्के नायट्रोजन आणि २१ टक्के ऑक्सिजन असतो. शुद्ध ऑक्सिजन सहा मीटरच्या खाली घेतला तर तोच विषारी ठरून झटके येऊ शकतात.

सोड्याची बाटली आणि हाल्डेनच्या शेळ्या

दाबाखाली श्वासातला नायट्रोजन रक्तात आणि चरबीत विरघळतो. जितके खोल आणि जितका वेळ, तितका जास्त. हळूहळू वर आले तर तो फुफ्फुसांवाटे निघून जातो. घाईने वर आले तर सोड्याच्या बाटलीचे झाकण उघडल्यावर जे होते ते अंगात होते. बुडबुडे सुटतात. सांध्यांत कळा, अंगावर खाज, मुंग्या, पायातली शक्ती जाणे, लघवी अडणे, चक्कर अशी लक्षणे दिसतात. यालाच 'बेंड्स' किंवा डिकम्प्रेशनचा आजार म्हणतात.

हा आजार आधी समुद्रात नव्हे, दाबाच्या हवेत खोदकाम करणाऱ्या मजुरांत सापडला. एकोणिसाव्या शतकात नदीच्या तळाशी दाबाची हवा भरलेल्या पेट्यांत मजूर खोदकाम करत. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन पुलाचे मुख्य अभियंता वॉशिंग्टन रोब्लिंग हे १८७२ साली याच आजाराने अंथरुणाला खिळले आणि पुढचे काम त्यांनी पत्नी एमिली यांच्यामार्फत करून घेतले. १८७८ मध्ये फ्रेंच शास्त्रज्ञ पॉल बेर यांनी दाखवून दिले की दोष नायट्रोजनच्या बुडबुड्यांचा आहे. त्यानंतर ब्रिटिश शास्त्रज्ञ जॉन स्कॉट हाल्डेन यांनी शेळ्या-बोकडांना दाबाच्या कोठीत ठेवून किती वेळात किती वर यावे याची कोष्टके तयार केली. ती १९०८ साली प्रसिद्ध झाली. आजच्या पाणबुड्यांच्या मनगटावरचे संगणक त्याच विचारावर चालतात. हाल्डेन यांचा मुलगा जे. बी. एस. हाल्डेन वडिलांच्या या प्रयोगांत लहानपणी स्वतः पाण्यात उतरला होता. पुढे जगप्रसिद्ध जीवशास्त्रज्ञ झाल्यावर तो १९५७ मध्ये भारतात आला, इथला नागरिक झाला आणि १९६४ मध्ये भुवनेश्वरला वारला.

हौशी डायव्हिंगमध्ये मिनिटाला नऊ मीटरपेक्षा वेगाने वर यायचे नाही आणि पाच मीटरवर तीन मिनिटे थांबायचे, असा प्रघात आहे. प्रशिक्षण न घेतलेल्या पर्यटकाला बारा मीटरच्या खाली नेत नाहीत. पहिला अभ्यासक्रम पूर्ण केलेल्याला अठरा मीटर, तर हौशी पाणबुड्यांची कमाल मर्यादा चाळीस मीटर.

विमानाची घाई नको

आता आमच्या काकांच्या सहलीचा तक्ता पाहू. शेवटच्या दिवशी सकाळी सातला स्वराज द्वीपावर, म्हणजे पूर्वीच्या हॅवलॉकवर, डायव्हिंग. दहाची बोट. बाराला पोर्ट ब्लेअर, ज्याचे नाव आता श्री विजयपुरम आहे. आणि दुपारचे विमान. पैशाच्या आणि रजेच्या हिशेबात चोख बसणारा हा बेत शरीराच्या हिशेबात धोक्याचा होता.

विमानाच्या आत दाब पूर्ण जमिनीएवढा नसतो. सुमारे १,८०० ते २,४०० मीटर उंचीच्या डोंगरावर जेवढा असेल तेवढा असतो. म्हणजे समुद्रातून हळूहळू वर आलेला माणूस काही तासांत आणखी वर जातो आणि अंगात उरलेला नायट्रोजन बुडबुड्यांच्या रूपाने बाहेर पडू शकतो. म्हणून जगभर मान्य असलेला संकेत असा: एकच बुडी मारली असेल तर विमानात बसण्यापूर्वी किमान १२ तास जाऊ द्या. एकाहून अधिक बुड्या किंवा सलग काही दिवस डायव्हिंग केले असेल तर किमान १८ तास. आम्ही रुग्णांना सोपे करून सांगतो: शेवटचा पूर्ण दिवस मोकळा ठेवा. त्या दिवशी सेल्युलर जेल पाहा.

मालवणहून गाडीने परतणाऱ्यांसाठीही एक सूचना. तारकर्लीहून आंबोलीमार्गे येताना सुमारे सातशे मीटर चढावे लागते. एका उथळ बुडीनंतर याचा धोका फारसा नाही. पण दिवसभरात दोन-तीन खोल बुड्या मारून लगेच घाट चढू नये. एक मुक्काम किनाऱ्यावरच करावा.

दूरचे बेट म्हणजे दूरचा दवाखाना

बेंड्सवर पहिला उपचार शुद्ध ऑक्सिजन हा आहे. तो पाण्याबाहेर, मास्क लावून द्यायचा. खरा उपचार दाबाच्या कोठीत होतो. रुग्णाला पुन्हा दाबाखाली नेऊन, ऑक्सिजन देत देत कित्येक तासांनी हळूहळू बाहेर आणतात. अशी कोठी गावोगावी नसते. अंदमानात ती नौदलाच्या श्री विजयपुरम येथील आयएनएचएस धन्वंतरी या रुग्णालयात आहे. मुंबईत नौदलाच्याच आयएनएचएस अश्विनीमध्ये आहे. स्वराज द्वीपावरून श्री विजयपुरमला बोटीने दोनेक तास लागतात आणि रात्री नेहमीची बोट नसते. लक्षद्वीपमधल्या गंभीर रुग्णाला हेलिकॉप्टरने कोचीला हलवावे लागते. जहाजाने तर कोची ते लक्षद्वीप हा प्रवास चौदा तासांहून अधिक आहे.

म्हणून दूरच्या बेटावर जाताना बुकिंग करण्याआधीच काही गोष्टी विचारायच्या. बोटीवर ऑक्सिजनचा सिलिंडर आणि मास्क आहे का? तो वापरता येणारे माणूस आहे का? एका प्रशिक्षकाकडे पाण्यात एका वेळी किती जण असतात? अगदी नवख्यासाठी उत्तर 'एकास एक' असावे. काही झाले तर कुठे आणि कसे नेणार? या प्रश्नांवर जो चिडतो, त्याच्याबरोबर पाण्यात उतरू नका. चांगला प्रशिक्षक उलट खूश होतो. विम्याचा कागदही वाचा. प्रवास विम्याच्या अनेक पॉलिसींत साहसी खेळ वगळलेले असतात.

डायव्हिंगनंतर चोवीस तासांत हाता-पायाला मुंग्या, कधी नव्हे तसा थकवा, सांधेदुखी किंवा चक्कर आली तर 'दगदग झाली असेल' म्हणून झोपून जाऊ नका. प्रशिक्षकाला आणि डॉक्टरला डायव्हिंग केल्याचे सांगा. हे लक्षण हिंगोलीत परतल्यावर दिसले तरी तसेच सांगा. सांगितले नाही तर ते आमच्याही लक्षात येणार नाही.

तो अर्ज कोणासाठी?

डायव्हिंगपूर्वी भरायच्या वैद्यकीय अर्जात फुफ्फुसे, हृदय, कान-नाक, मेंदू, मानसिक आजार, मधुमेह, शस्त्रक्रिया आणि चालू औषधे यांविषयी प्रश्न असतात. वय पंचेचाळीसच्या पुढे असेल तर जास्तीचे प्रश्न लागू होतात. एक प्रश्न फार बोलका आहे: दीड-पावणेदोन किलोमीटर अंतर चौदा मिनिटांत चालता येते का, किंवा न थांबता दोनशे मीटर पोहता येते का? ज्याला हे झेपत नाही त्याने आधी डॉक्टरकडे जावे. लाट आली, प्रवाह उलटा फिरला तर तेवढे बळ लागतेच.

हृदयाचे काम पाण्यात वाढते. पाण्याच्या दाबाने पायांतले अर्धा लिटरहून अधिक रक्त छातीकडे सरकते. ज्याचा रक्तदाब आटोक्यात नाही त्याच्या फुफ्फुसांत पाणी साचू शकते. डायव्हिंगमधल्या मृत्यूंत हृदयविकार हे एक प्रमुख कारण आहे. अपस्मार म्हणजे फिट येणाऱ्यांनी आणि गरोदर स्त्रियांनी डायव्हिंग करू नये. फुफ्फुस आपोआप फुटून छातीत हवा साठल्याचा इतिहास असेल तर नाहीच. दम्याच्या रुग्णांत फरक करावा लागतो. श्रमाने, थंडीने किंवा घाबरल्याने ज्यांना दम लागतो त्यांना मनाई, कारण समुद्रात या तिन्ही गोष्टी एकदम भेटतात. इतरांनी श्वासाची चाचणी करून ठरवावे. मधुमेह नीट आटोक्यात असेल तर डॉक्टरच्या सल्ल्याने काहींना परवानगी मिळते. पण पाण्याखाली साखर उतरली तर ती ओळखणे कठीण असते.

आणि क्षयरोग. आपल्या भागात हा प्रश्न महत्त्वाचा आहे, कारण क्षयातून बरे झालेली माणसे घरोघरी आहेत. रोग बरा होतो, पण काहींच्या फुफ्फुसांत व्रण किंवा हवेच्या पातळ पोकळ्या राहतात. रोजच्या जगण्यात, शेतात काम करताना त्याचा काही त्रास नसतो. साधे ओझे उचलताना, पळताना, विहिरीत पोहतानाही नाही. पण दाबाखाली श्वास घेतल्यावर त्या पोकळीत शिरलेली हवा अरुंद वाटेने लवकर बाहेर पडू शकत नाही. वर येताना ती फुगते. माणसाने श्वास रोखला नसला, सगळे नियम पाळले असले, तरी तेवढाच भाग फुटू शकतो.

काकांची सही मी केली नाही. त्यांना नांदेडला छातीचा सीटी स्कॅन करायला सांगितले. उजव्या फुफ्फुसाच्या वरच्या टोकाला व्रण होता आणि त्याशेजारी लिंबाएवढी हवेची पोकळी. एरवी हा अहवाल पाहून मी म्हणालो असतो, "काही काळजी नाही." या वेळी म्हणालो, "स्कुबा नाही." मुलगी बराच वेळ त्या काळ्या-पांढऱ्या चित्राकडे पाहत राहिली. मोबाइलवर भरून ठेवलेला अर्ज तिने तिथेच पुसला.

काळ्या दगडाचे समुद्रातले भावंड

ज्यासाठी एवढा खटाटोप करायचा, ते खाली आहे तरी काय? पोवळे म्हटले की आपल्याला मंगळासाठी अंगठीत बसवलेला लाल खडा आठवतो. तो मुख्यतः भूमध्य समुद्रातल्या एका वेगळ्या प्रवाळाचा. बेटांभोवतीचे प्रवाळ खडक बांधणारे असतात. ते झाड नाही आणि दगडही नाही, तो प्राणी आहे. मोहरीपासून मटारएवढ्या आकाराचे असंख्य जीव एकमेकांना चिकटून चुन्याची घरे बांधतात. त्यांच्या अंगात राहणारे सूक्ष्म शैवाल सूर्यप्रकाशावर अन्न तयार करते आणि त्यातला मोठा वाटा यजमानाला देते. प्रवाळाचा रंगही बव्हंशी त्या भाडेकरूचा.

गोट्यासारखे गोल वाढणारे प्रवाळ वर्षाला साधारण अर्धा ते एक सेंटीमीटर वाढते. म्हणजे चार मीटर उंचीचा गोटा चारशे ते आठशे वर्षांचा. औंढ्याच्या यादवकालीन मंदिराचे दगड घडवले जात होते, तेव्हा कदाचित त्याची सुरुवात झाली असेल. नवख्या पर्यटकाची एक लाथ किंवा आधारासाठी ठेवलेला एक हात अशा वाढीचा चुरा करू शकतो.

आपले आणि या बेटांचे नाते याहून जुने आहे. हिंगोलीच्या विहिरी ज्या काळ्या पाषाणात खोदल्या, तो सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. आज हिंदी महासागरातल्या रेयुनियन बेटाखाली असलेला भूगर्भातला उष्ण झोत तेव्हा आपल्या खाली होता, असे भूशास्त्रज्ञ मानतात. भारत उत्तरेकडे सरकत गेला आणि त्या झोताच्या वाटेवर समुद्रात डोंगरांची रांग उठली. त्याच रांगेवर लक्षद्वीपची बेटे आहेत. तळाचे डोंगर खचत गेले आणि प्रवाळ वर वर वाढत राहिले. चार्ल्स डार्विनने १८४२ मध्ये कंकणाकृती बेटांबद्दल मांडलेली उपपत्ती हीच. लक्षद्वीपची ३६ बेटे मिळून जमीन अवघी ३२ चौरस किलोमीटर. माणसे राहतात ती दहा बेटांवर. ती जमीन प्रवाळाचीच.

हे जगणे आता ताणाखाली आहे. समुद्राचे तापमान उन्हाळ्यातल्या नेहमीच्या कमाल पातळीपेक्षा एखाद्या अंशाने वाढून काही आठवडे तसेच राहिले, तर प्रवाळ आतले शैवाल बाहेर टाकते आणि पांढरे पडते. ते लगेच मरत नाही, उपाशी राहते. पाणी लवकर निवले तर सावरते. १९९८, २०१० आणि २०१६ मध्ये लक्षद्वीपने हे सोसले. २०२४ मध्ये पुन्हा तिथली प्रवाळे मोठ्या प्रमाणावर पांढरी पडल्याचे केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने नोंदवले.

वन्यजीव संरक्षण कायद्याने प्रवाळाला वाघाच्याच यादीत ठेवले आहे. तुटून किनाऱ्यावर पडलेला तुकडाही 'आठवण' म्हणून पिशवीत टाकायचा नाही. अंगाला मलम चोपडण्याऐवजी पूर्ण बाह्यांचे पोहण्याचे कपडे घातले, तर ऊन लागत नाही आणि पाण्यात रसायनेही जात नाहीत. कातडीला प्रवाळ घासून जखम झाली तर गोड्या पाण्याने खळखळून धुवा. ती हटकून चिघळते.

जवळचा पर्याय

पहिली ओळख करून घ्यायला अंदमानच हवे असे नाही. मालवणच्या समुद्रातही प्रवाळ आहे. तिथे १९८७ मध्ये सागरी अभयारण्य जाहीर झाले. तारकर्लीला राज्य पर्यटन महामंडळाची स्कुबा डायव्हिंग आणि जलक्रीडा प्रशिक्षण संस्था आहे. विजयदुर्गपासून शंभरेक किलोमीटर आत खोल समुद्रात कान्होजी आंग्रे यांच्या नावाने ओळखले जाणारे 'आंग्रिया बँक' हे विस्तीर्ण प्रवाळ पठार आहे. ती मात्र हौशी पर्यटकाची जागा नव्हे. पावसाळ्यात कोकणात डायव्हिंग बंद असते. ऑक्टोबर ते मे हाच हंगाम. लक्षद्वीपसाठी भारतीयांनाही प्रवेश परवाना लागतो, त्याची तजवीज आधी करावी.

काका अंदमानला गेले. मुलीने दोन दिवस आधी सकाळी डायव्हिंग केले आणि तिसऱ्या दिवशी विमान पकडले. काकांनी लाइफ जॅकेट घालून, उथळ पाण्यात, तोंडात नळी धरून पाण्यावर तरंगत खाली पाहिले. यात श्वास वरच्याच हवेचा असतो, त्यामुळे फुफ्फुसातल्या पोकळीला धोका नाही. रक्तदाब आधी तपासून घेतला होता. नळी धरून खोल बुडी मारायची नाही, अशी अट मीच घातली होती आणि ती त्यांनी पाळली.

परत आल्यावर ते दवाखान्यात आले ते पेढे घेऊन. मी विचारले, "विहिरीपेक्षा बरं होतं का?"

"पाणी निवळशंख, साहेब," ते म्हणाले. "तळ हाताला लागेल असं वाटायचं. एकदा वाटलं, मारावी बुडी. मग ते लिंबू आठवलं."

उतरण्यापूर्वी लक्षात ठेवा

• वैद्यकीय अर्ज खरा भरा. जुना क्षय, दमा, हृदयविकार, फिट, कानाची शस्त्रक्रिया लपवू नका.
• पंचेचाळिशी ओलांडली असेल किंवा तंबाखू-सिगारेटची सवय, रक्तदाब, मधुमेह असेल तर घर सोडण्यापूर्वी तपासणी करून घ्या. बेटावर पोहोचल्यावर नको.
• पाण्याखाली श्वास कधीही रोखू नका.
• कान दुखण्याआधी मोकळा करा. सर्दी असेल तर उतरू नका.
• आदल्या रात्री आणि त्या दिवशी दारू नको. भरपूर पाणी प्या.
• शेवटची बुडी आणि विमान यांत किमान १८ तास ठेवा. पूर्ण दिवस ठेवला तर उत्तम.
• मनात भीती असेल तर 'नको' म्हणा. पैसे भरले आहेत म्हणून कोणीही पाण्यात उतरू नये.
• प्रवाळाला हात लावू नका, त्यावर उभे राहू नका, काहीही सोबत आणू नका.